सामानासह साउदॅम्प्टन

१४ मार्च १९९७, शुक्रवार

बोटीच्या कंपनीचं पाकीट आलं. चौदा जूनला इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरातून निघायचं, स्पेन-पोर्तुगाल बघायचं, आठवड्याने परत तिथेच. दोघांचं बुकिंग. ऑक्टोबरात यांनी केलं आणि नोव्हेंबरात हे गेले. पैसे परत मिळत नाहीत.

ठरवलं. मी जाणार. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. भरलेलं तिकीट फुकट घालवायचं नाही, एवढंच.

यांची सगळी नोकरी इथे बहरीनच्या ड्राय डॉकला, बोटींच्या पोटात पाइप बसवण्यात गेली. चालत्या बोटीत पाय ठेवला नाही. दुरुस्त झालेली बोट बाहेर पडायची तेव्हा गँगमधले सगळे धक्क्यावर उभे राहून बघत. घरी आले की कोपरापर्यंत हात धुवायचे आणि म्हणायचे, एक गेली. मग जेवायला बसायचे.

रोज रोजनिशी लिहिणार.

२१ मार्च

मध्ये वेळ झाला नाही.

उज्ज्वल म्हणाला, आई, हीथ्रोहून बोटीपर्यंत कंपनीची बस आहे, तीच घे. मी म्हटलं, ट्रेन. पाकिटात ट्रेनची कुपनंसुद्धा आहेत, दोन. शिवाय यांनी सांगून ठेवलंय. आपण जन्मभर बोटीकडे कंपनीच्या व्हॅनमधून गेलो, आता ट्रेनने जायचं. पॅसेंजर लोक ट्रेनने येतात.

उज्ज्वल म्हणाला, बाबा दोन बॅगा उचलणार होते म्हणून ट्रेन म्हणाले. तू कशी उचलणार?

मी एकच बॅग नेणार आहे. तसं त्याला सांगितलं. त्याने टीव्ही लावला. मुद्द्याचं बोललं की माणूस गप्प होतो.

ब्रोशर डिक्शनरी घेऊन वाचलं. मी शाळेत गेले नाही. मराठी वाचायला किराण्याच्या पुड्यांवरून शिकले, इंग्रजी इथे कोल्ड स्टोअर म्हणतात त्या किराणा दुकानातल्या डब्यांवरून. आता कुठलंही इंग्रजी अडत नाही. फार अडलं तर ते महत्त्वाचं नसतं.

२८ मार्च, शुक्रवार, दुपारी

बहरीनमध्ये ट्रेन नाही. सराव कशावर करायचा हा प्रश्न होता. सुटला. आमच्या झिंज भागातल्या बिल्डिंगची लिफ्ट. येते, थोडा वेळ थांबते, दार आपोआप लागतं, आतली माणसं आपल्याकडे बघत राहतात. ट्रेनच, फक्त उभी जाणारी.

पद्धत अशी: दार उघडलं की आधी बॅग आत, मागून मी. बॅगेत गव्हाचं पीठ आणि श्रावस्तीची जुनी पुस्तकं भरली, वजन यावं म्हणून. श्रावस्ती म्हणजे उज्ज्वलची मुलगी. तिला मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, आजी, धिस इज एम्बॅरसिंग.

बॅग आत ढकलली. पदर सावरला. दार लागलं. बॅग वर गेली.

वॉचमन रहिमतुल्ला जिन्याने वर जाऊन घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाई बॅगेला घाबरून किंचाळल्या म्हणे. रहिमतुल्लाने विचारलं, अम्मा, बॅग को अकेले भेज रहे थे क्या?

बॅगेला ओरखडासुद्धा नाही. सराव यशस्वी.

१५ एप्रिल

काल जयंतीचा कार्यक्रम. हॉल भरला होता. भाषणं लांबली. यांची खुर्ची दर वर्षी दाराजवळ असायची, चहाची सोय बघायला. या वर्षी चहा उशिरा आला.

चहाच्या वेळी मी चारचौघांत जाहीर केलं की इंग्लंडला जाते आहे आणि कोणाचंही पुडकं नेणार नाही. इथून कोणी कुठे निघालं की लगेच पुडकी सुरू होतात. भावाला मसाला, मेहुणीला साडी. मी ट्रेनने जाणार आहे, हमाल म्हणून नाही. सगळ्यांनी मान हलवली. बरोबर आहे, कांताताई, म्हणाले.

एकदा स्पष्ट बोललं की पुढे त्रास होत नाही.

२० एप्रिल

व्हिसा. स्पेन-पोर्तुगालचं काम शेजारच्या लान्सीने केलं, तो ट्रॅव्हल ऑफिसात आहे. इंग्लंडचा फॉर्म मात्र मी स्वतः भरला. लान्सी जिन्यात भेटला. म्हणाला, आंटी, किती एंट्री लिहिल्या? म्हटलं, एक. इंग्लंडला मी एकदाच जाणार आहे. कोणाच्या दारात सारखं सारखं जाऊ नये. तो ऑफिसला निघाला होता, घाईत म्हणाला, पासपोर्ट एकदा मला दाखवा, इंशाल्ला बघून घेऊ. आणि अंकल गेल्याचं बोटीच्या कंपनीला कळवलंत ना?

उद्या कळवते.

खरी जपायची असते ती इथली री-एंट्री, परत आत शिरायची परवानगी. नव्या लोकांना हे समजत नाही. आमच्या ओळखीतला तुकाराम मोहिते बहिणीच्या लग्नाला गेला, री-एंट्रीचा शिक्का न बघता. पावसाळाभर चिपळूणला बसून राहिला. नोकरी खलास. इतकी वर्षं मी घरातल्या सगळ्यांची री-एंट्री बघत आले. हे म्हणायचे, कांता, तू इमिग्रेशनलाच बसायला हवं होतंस.

८ मे

इंग्लंडचा व्हिसा आला. बहरीनची री-एंट्री तपासली. पक्की आहे. त्या पानावर खूण म्हणून दोरा घातला.

उज्ज्वलने विचारलं, सगळं बघितलंस ना नीट? हे पोराने आईला विचारायचं म्हणजे कमाल आहे. लान्सीला पासपोर्ट दाखवायचं राहिलं. गरज नाही.

कंपनीला कळवायचं राहिलं.

२२ मे, बुद्धपौर्णिमा

वंदना घेतली, खीर केली. खीर द्यायला शेजारी बेनिटाकडे गेले. बेनिटा म्हणजे लान्सीची बायको, हॉस्पिटलात नर्स आहे, माहेर वसई. हे हॉस्पिटलात होते तेव्हा ड्यूटी संपल्यावरही बसून राहिली होती. तिची बहीण जेनिस साउदॅम्प्टनलाच असते. बेनिटा म्हणाली, कांताताई, तिला दिवस राहिलेत आणि सुके बोंबील खावेसे वाटतात. तिथे मिळत नाहीत. काय करते बिचारी, कोण जाणे.

बोंबील घेतले, जेनिसचा फोन नंबरही. हे पुडकं धरायचं नाही. औषधासारखंच आहे.

३० मे, शुक्रवार

यांची मोठी तपकिरी बॅग कपाटावरून काढली. न्यायची नाही. फक्त पुसून ठेवायची म्हणून काढली. आत यांचे शर्ट होते, मुंबईला जाऊन आल्यापासून तसेच.

पाकिटात बॅगांना लावायची लेबलं आहेत. एक मिसेस कांता तांबे, एक मिस्टर रामजी तांबे. केबिनचा नंबर एकच. जाड कागद, निळी कडा, दोरी ओवलेली. यांच्या नावाचं लेबल मी शेवटचं पाहिलं ते विमानाच्या कार्गोत, यांना मुंबईला नेलं तेव्हा. ते साधं होतं, बॉलपेनने लिहिलेलं. नाव चुकलं होतं. हे छापील आहे.

इतकं चांगलं लेबल वाया घालवणं बरं नाही. तपकिरी बॅगेला बांधून बघितलं. शोभलं.

नवीन विचार: दोन बॅगा न्याव्यात. माझ्या मरून रंगाच्या बॅगेत सामान, तपकिरी रिकामी. येताना श्रावस्तीला खाऊ आणायला जागा हवी.

२ जून

रिकामी बॅग विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावर चेपते, असं ऐकलं आहे. आकार टिकावा म्हणून शर्ट आतच ठेवले. बूटही ठेवले, कोपऱ्यात. कोपरे लवकर चेपतात. दाढीचं सामान ठेवलं कारण उज्ज्वल इलेक्ट्रिक वापरतो, इथे पडून गंजेल.

उज्ज्वल दारात उभा होता. सून अरुणा म्हणाली, आई, चहा ठेवू का? म्हटलं, ठेव.

५ जून

पुडकी. उज्ज्वलच्या साहेबांनी लंडनच्या मित्रासाठी खजूर. साहेबांना नाही म्हणता येत नाही. जयंतीच्या हॉलमध्ये मान हलवणाऱ्यांपैकी दोघांनी लोणचं आणि कोकम. रहिमतुल्लाने भाच्यासाठी चपला. भाचा बर्मिंगहॅमला असतो. म्हटलं, मी तिकडे जाणार नाही. तो म्हणाला, अम्मा, इंग्लंड तो छोटा है, कोई मिल जाएगा. त्याच्या तोंडाकडे बघून घेतल्या. बॅग वरून आणून दिली होती त्याने.

मरून बॅग भरली. माझ्या साड्यांना जागा उरली नाही.

९ जून

उपाय सोपा निघाला. साड्या तपकिरी बॅगेत, शर्टांच्या वर. तशाही शर्टांमुळे साड्यांना घडी पडत नाही. आमचे कपडे आयुष्यभर एकाच पेटीत राहिले आहेत, नवीन काही नाही. सगळ्यात वर मोतिया साडी, बोटीवर कॅप्टनच्या जेवणासाठी.

दोन्ही बॅगा नायलॉनच्या दोरीने आवळल्या. चारी बाजूंनी मार्करने नाव. उज्ज्वल म्हणाला, दोरी नको, आई, तिकडे हसतात. मी म्हटलं, हसू देत. दोरी म्हणजे दोरी.

लिफ्टमध्ये दोन बॅगांचा सराव करायचा होता. लिफ्ट बंद आहे.

१३ जून, शुक्रवार

विमानतळ. उज्ज्वलने विचारलं, कंपनीला कळवलंस ना, बाबा नाहीत ते? मी म्हटलं, तिथे गेल्यावर समक्ष सांगते, फोनवर नीट सांगता येत नाही. त्याने माझा हात धरला तो सोडेना. मुलांना जाताना असं होतं. श्रावस्ती म्हणाली, आजी, डोंट लेट गो ऑफ द बॅग्ज. मी म्हटलं, मी आणि बॅग सोडणार?

मला काही वाटत नाही. भूकही नाही, झोपही नाही. प्रवासाला हे बरंच.

१४ जून, शनिवार, सकाळी, वॉटर्लू स्टेशन

पोचले. हीथ्रोवर बोंबलांबद्दल कोणी विचारलं नाही. जमिनीखालच्या ट्यूबने यायचं ठरलं होतं पण सरकता जिना बघून टॅक्सी केली. ट्यूब म्हणजे ट्रेन नाही, त्यामुळे यांचा शब्द मोडला असं होत नाही.

स्टेशन खूप मोठं आहे. बोर्डावरची अक्षरं फडफडत बदलतात. वाचेपर्यंत दुसरं नाव येतं. कुपनं देऊन दोन तिकिटं घेतली. खिडकीतल्या माणसाने दोन दिली, मी दोन घेतली.

ट्रेनमध्ये

लिफ्टचा सराव कामी आला. या वेळी आधी मी आत शिरले आणि बॅगा बाहेर राहिल्या. एका शीख गृहस्थांनी दोन्ही आत टाकल्या. म्हणाले, बहेनजी, पत्थर लेके जा रहे हो? म्हटलं, लोणचं.

मरून बॅग दाराजवळच्या फळीवर मावली. तपकिरीला जागा नव्हती. ती शेजारच्या सीटवर खिडकीशी ठेवली. तिचंही तिकीट आहेच.

बाहेर हिरवं आहे. गाई आहेत. यांना गाई आवडायच्या. घरची नव्हती कधी.

तिकीट बघणारा आला. मी दोन तिकिटं दिली. त्याने दुसरा माणूस कुठे म्हणून विचारलं असावं. मी बॅगेकडे बघितलं. तो संडासाच्या दाराकडे बघून हसला, आणि दोन्ही तिकिटं पंच करून गेला. मी खोटं बोलले नाही. त्याला काय समजलं तो त्याचा प्रश्न.

नंतर, स्टेशनच्या बाकावर

साउदॅम्प्टनला उतरले. बाकीचे लोक उगाच पुढे गेले असं वाटलं. हे साउदॅम्प्टन एअरपोर्ट नावाचं स्टेशन आहे. बंदराचं पुढचं. म्हणजे आधी उतरल्याने नुकसान काही नाही, हवा मिळाली. माझी शालही ट्रेनमध्ये राहिली. ती जुनीच होती.

पुढची ट्रेन येते आहे.

संध्याकाळी

क्रमाने लिहिते.

बंदरावर पोचले. बोट दिसली. पांढरी, आमच्या बिल्डिंगसारख्या कित्येक एकावर एक. मी आधी पाइप कुठून जात असतील ते शोधलं. सवय.

फूटपाथवरच हमाल होते. त्यांनी लेबलं बघितली, मिस्टर अँड मिसेस टांबे म्हणाले, आणि दोन्ही बॅगा मोठ्या ट्रॉलीवर टाकून घेऊन गेले. दोरीला कोणी हसलं नाही. मला एकदम हलकं वाटलं. आता नुसतं चालत आत जायचं.

आत काउंटरवर पोरगी होती, उज्ज्वलपेक्षा लहान. पासपोर्ट घेतला, पानं उलटली. परत उलटली. मी दोऱ्याचं पान उघडून दिलं, बहरीनची री-एंट्री. ती म्हणाली, हे नाही, मॅडम, आमची. मी म्हटलं, तुमचा व्हिसा आहे की. ती म्हणाली, एका एंट्रीचा आहे, ती आज सकाळी विमानतळावर वापरली. बोट पुढच्या शनिवारी इथेच परत येणार. तेव्हा तुम्ही इंग्लंडमध्ये कशा शिरणार?

मी तिला तुकाराम मोहितेची गोष्ट सांगणार होते. मग लक्षात आलं ती कोणाची गोष्ट आहे.

तिने साहेबाला बोलावलं. साहेबही चांगला होता. फोन केले. शनिवार, कचेऱ्या बंद. खुर्ची दिली, चहा दिला. दूध कमी. मग त्याने विचारलं, मिस्टर टांबे कुठे आहेत? मी ट्रेनमध्ये जे केलं ते इथे करता येईना. समक्ष सांगायचं ठरलं होतं म्हणून सांगितलं. नोव्हेंबरात, म्हटलं. तो म्हणाला, आय ॲम सो सॉरी, आम्हाला कोणी कळवलं नाही. मी म्हटलं, माझं राहून गेलं.

मग बॅगा. माणूस पाठवला. बऱ्याच वेळाने तो एक बॅग घेऊन आला. मरून. मिस्टरांची आत केबिनच्या बाजूला गेली आहे, म्हणाला, शोधतो, पण बोट निघायची वेळ होत आली. साहेबाने मला विचारलं, शोधायला लावू का? तशी नाही मिळाली तर बोट परत आली की मिळेल.

मी म्हटलं, नको शोधू. राहू दे.

हे मी का म्हटलं ते मला सांगता येत नाही. माझ्या सगळ्या साड्या त्यात आहेत. साहेबाने दोनदा विचारलं. दोनदा नको म्हटलं.

जेनिसला फोन केला. ती नवऱ्याला घेऊन आली, अँड्र्यू. दोघंही वसईची. जेनिसचं पोट बरंच दिसतं. मला बघून म्हणाली, ताई, तू तर बोटीवर पाहिजे होतीस ना? मी म्हटलं, तुझे बोंबील द्यायचे होते.

त्याच दिवशी, नंतर

अंगावरची साडी धुवायला टाकली. जेनिसचा गाऊन घातला आहे. घोट्याच्या वर राहतो. मरून बॅग उघडली. खजूर, कोकम, लोणचं. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल निघालं. रहिमतुल्लाच्या भाच्याच्या चपलांना तेल लागलं. माझं स्वतःचं म्हणावं असं त्यात काही नाही.

उज्ज्वलला फोन करायला हवा. उद्या करते.

जेनिसने बोंबील गॅसवर भाजले. खिडक्या उघड्या ठेवल्या, शेजारी तक्रार करतात म्हणून. तिने पहिला तोंडात घातला आणि डोळे मिटून बसली. अँड्र्यूने मला वाढलं. कालपासून जेवले नव्हते, ते भात बघितल्यावर कळलं.

अर्धा भात झाला असेल, उघड्या खिडकीतून भोंगा आला. लांब, जाड आवाज. पोटात घुमतो तसा. ड्राय डॉकला असाच यायचा. अँड्र्यू म्हणाला, आंटी, गाडी काढू का? वरच्या रस्त्यावरून बोट जाताना दिसते. मी म्हटलं, नको, भात गार होईल.

आत्ता ती बॅग केबिनमध्ये असेल. वर मोतिया साडी, खाली शर्ट, कोपऱ्यात बूट. दारावर दोघांची नावं.

भोंगा परत वाजला. मग थांबला. मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि परत पानावर येऊन बसले.

म्हटलं, एक गेली.

अँड्र्यूने विचारलं, काय गेली? म्हटलं, बोट. आणि आणखी एक बोंबील मागितला.